धुळं दिसेना

खुर्चीत बसायच्या आधी नाना उभ्यानेच संगणकावर एक ओळ टाइप करायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि पडद्यावरची यादी हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने वाचायचे. "धुळं शे. रावेर शे. नशिराबाद शे. बठ्ठा शेतस." सगळी गावं आहेत म्हटल्यावर मग बसायचे. एखादं गाव दिसलं नाही, तर ते सापडेपर्यंत उभेच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका बियाणे कंपनीत मी त्यांच्या हाताखाली होते. नाना मूळचे वायरमन. कंपनीने त्यांना पंधरा दिवस पुण्याला शिकायला पाठवलं आणि ते परत आले ते राउटरवाले होऊन. राउटर म्हणजे एका गावचं ऑफिस दुसऱ्या गावच्या ऑफिसशी जोडणारी पेटी. या पेट्या दर दहा सेकंदांनी एकमेकींना 'हॅलो' म्हणतात. चाळीस सेकंद हॅलो आलं नाही, की शेजारी मेला असं समजून त्याचं नाव यादीतून काढून टाकतात.

"चाळीस सेकंदांत? सुतकसुद्धा नाही?" मी विचारलं होतं.

"नाही ना," नाना गंभीरपणे म्हणाले. "पण परत हॅलो आलं की लगेच घरात घेतात. माणसांसारखं वर्षभर फुगून बसत नाहीत."

पेरणीच्या तोंडावर एका सकाळी धुळं यादीतून गेलं. शिंदखेड्याचं गोदाम धुळ्याच्या पलीकडे, आणि जळगावच्या संगणकाने होकार दिल्याशिवाय तिथली एक पिशवी हलत नसे. कपाशीच्या बियाण्यासाठी शेतकरी उन्हात रांग लावून उभे होते. गोदामवाला फोनवर ओरडत होता, "नाना, लोके दार तोडी टाकतीन!"

नानांनी लाइन तपासली. "लाइन चालू शे. धुळ्याची पेटी हाकेला ओ देते. पण शेजारी म्हणून ओळख देत नाही. कुणीतरी बोट घातलंय."

त्यांनी धुळ्याला फोन लावला. तिथे नवे साहेब आले होते. "दर दहा सेकंदांनी काय हॅलो हॅलो?" साहेब म्हणाले. "लाइन वाया जाते. मी तीस केलं."

"साहेब, दोन्हीकडे आकडा सारखाच लागतो."

"मग तुम्हीही तीस करा." फोन बंद.

मी म्हटलं, "नाना, धुळ्याचा पासवर्ड आहे तुमच्याकडे. इथूनच बदलून टाका."

"लोकांच्या घरात मागच्या दाराने शिरायचं का?" असं म्हणून त्यांनी आपल्याकडचा आकडा तीस केला. धुळं आलं, शिंदखेड्याच्या पिशव्या हलल्या. दुपारी साहेबांचाच फोन आला. "बघा, माझ्या सुधारणेने लाइन कशी पळतेय!"

"हो साहेब," नाना म्हणाले.

साहेबांना सुधारणेची चटक लागली. चार दिवसांनी त्यांनी वीस केलं. धुळं गेलं, नानांनी वीस केलं, धुळं आलं. मग पंचवीस. रोजचा आकडा मी भाजीच्या भावासारखा फळ्यावर लिहू लागले. सत्तावीस झालं त्या दिवशी नाना म्हणाले, "आता जाऊनच येतो." केळ्यांच्या दोन मोठ्या फण्या पिशवीत घालून ते एसटीत बसले.

पुढचं साहेबांनीच कधीतरी सांगितलं. नानांनी केळी टेबलावर ठेवली, समोर बसले आणि गप्प झाले. साहेब विचारतायत कसे आलात, चहा घेणार का, आणि नाना नुसते बघतायत. साहेब घाबरून उठले. "अहो नाना! बरं वाटत नाही का? कुणीतरी पाणी आणा रे!"

नानांनी घड्याळ पाहिलं. "मी ठणठणीत शे साहेब. पण तुम्हाला बारा सेकंदसुद्धा धीर धरवला नाही."

साहेब आधी लाल झाले. मग इतके हसले की शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थबकला. संध्याकाळी दोन्हीकडे दहा.

त्यानंतर नाना दर महिन्याला 'लाइन बघायला' धुळ्याला जाऊ लागले. लाइन उत्तम होती. दोघं वांग्याचं भरीत खायचे आणि कोणाच्या गावचं वांगं चांगलं यावर भांडायचे, एवढंच ते बघणं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी नाना वारले. तुम्हीही कुणाकुणाच्या दारी अशा वेळी गेला असाल. चप्पल कुठे काढावी तेही सुचत नाही. नशिराबादला त्यांच्या घरी आम्ही पोचलो, तर धुळ्याचे साहेब आमच्या कितीतरी आधी आलेले. ज्यांना टेबलावरचं पाणीही शिपायाने द्यावं लागे, ते पँट घोट्याच्या वर दुमडून, पिंपातून तांब्या भरभरून येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत होते. माझ्याही हातात त्यांनी पेला दिला.

"बसा ताई," ते घरच्या माणसासारखं म्हणाले, "उन्हातून आलात."