ताईत कुठे ठेवायचा? चंदगड ते कोल्हापूर

तबस्सुमच्या अब्बांनी शिलाई मशीन थांबवून मला सांगितलं, "सर, तुम्ही सोबत असाल तरच पाठवतो." म्हणून मी कोल्हापूरला निघालो. मी चंदगडच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. तबस्सुम रेडिओग्राफीची विद्यार्थिनी, आमच्याकडे काम शिकायला येते. आपल्यासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांना संशोधन कसं करायचं हे शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा होती. विद्यार्थ्यानं स्वतः निवडलेला विषय तिथे पसंत पडला तर वर्षभर मार्गदर्शन. नाही पडला तर कॉलेज देईल तो, म्हणजे गेल्या वर्षीचाच, उतरवून काढायचा. तिला ते नको होतं.

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. नेसरी, गडहिंग्लज करत जाते. सुरुवातीला काजूच्या बागा दिसतात. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे विद्यार्थिनी निम्म्यात आणि सर पूर्ण पैशांत. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तिखट आहे का विचारल्यावर वाढपी म्हणाला, "न्हाय पावणं, ल्हान पोरं खात्यात." म्हणजे कोल्हापुरातली, हे मला दुसऱ्या घासाला कळलं.

तबस्सुम उचगावला खालाकडे, म्हणजे आईच्या बहिणीकडे उतरली, मी देवळाजवळच्या भक्तनिवासात. खोली स्वस्त आणि स्वच्छ. पहाटे गेलात तर अंबाबाईसमोर दोन क्षण उभं राहता येतं.

कार्यशाळेत निम्मी मुलं हॉलमध्ये, निम्मी पडद्यावर, नेपाळ आणि केनियाहून. तबस्सुमचा विषय होता, छातीचा एक्स-रे पुन्हा का काढावा लागतो? आमच्याकडे बहुतेक वेळा कारण गळ्यातला ताईत. काढा म्हटलं की माणसं तो हळूच पाठीवर सारतात. एक्स-रेत तो तिथूनही दिसतो.

शिकवणाऱ्या मॅडम कोल्हापूरच्या. माइक त्यांना शोभेपुरता. तबस्सुमची प्रश्नावली वाचून म्हणाल्या, "'अज्ञानामुळे ताईत काढत नाही का?' पोरी, तू प्रश्न विचारतीस का दम देतीस? उद्या नीट करून आण, न्हायतर विषय बदल."

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ घेतली. ती खाईना. देवावर सोड, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "सर, प्रश्न मला लिहायचेत."

दुसऱ्या दिवशी सराव. हॉलमध्ये आणून ठेवलेलं एक्स-रे मशीन बंद, मी खोटा पेशंट. तिनं नेहमीसारखं सांगितलं, "ताईत काढा." माझ्या गळ्यात आमच्या गावदेवाचा, रवळनाथाचा ताईत आहे, आईनं बांधलेला. हात गळ्याशी गेला, आणि एवढी वर्षं लोकांना काढायला लावणाऱ्या मी तो पाठीवर सारला. विचार करून नव्हे, हातानंच केलं.

सगळा हॉल हसला. तबस्सुम हसली नाही. प्रश्नावली बाजूला ठेवून तिनं विचारलं, "सर, का नाही काढला?"

समोर ट्रे होता. त्यात कमरेचे पट्टे, चाव्या, कुणाची तरी तंबाखूची पुडी. आमच्या दवाखान्यात असतो अगदी तसाच.

"यात ठेवू?" मी म्हणालो. "देवाचं हाय ते."

पडद्यावरची केनियाची मुलगी इंग्रजीत काहीतरी बोलली. तिची आजीही गळ्यातले मणी असेच लपवते, असं मॅडमनी सांगितलं. मग तबस्सुमकडे वळून म्हणाल्या, "हां. आता विचारलास प्रश्न. कर सुरू."

परतीच्या एसटीत तबस्सुमनं उरलेली भेळ संपवली. मऊ झाली होती, तरी.

अभ्यासाची रीतसर परवानगी आल्यावर आमच्या एक्स-रेच्या खोलीत एक स्टीलचं ताट आलं, त्यात धुतलेलं पांढरं कापड. एक्स-रेला आलेल्या पहिल्याच मावशींनी न सांगता ताईत काढून त्यात ठेवला. तबस्सुमनं माझ्याकडे विजयानं पाहिलं. मी रवळनाथाचं नाव घेतलं, मावशींना श्वास धरायला सांगितलं आणि बटण दाबलं. नेमकं तेव्हाच त्यांनी मशीनसमोर हात जोडले.

एक्स-रे पुन्हा काढावा लागला. पहिल्यात ताईत कुठेच नव्हता. छातीच्या मधोमध दहा बोटं होती, नीट जुळलेली.

"मावशी, हात का जोडले?" तबस्सुमनं विचारलं.

"देव काढून ठिवला," मावशी म्हणाल्या, "मग मधल्या वक्ताला कुणाला तरी नमस्कार नको का करायला?"