बायकांच्या खोलीतले तीन रविवार

केळझरची नलू भोयर सावंगीला पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. तिचा नवरा शिंपी होता. दारू सोडा, सुपारीसुद्धा त्याने कधी तोंडात टाकली नाही. चार वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि तो गेला. एकुलती एक लेक अपेक्षा आधीच लग्न होऊन नागपूरला गेली होती. घरात नलू एकटी उरली.

दिवसभर उभं राहून तिचे गुडघे सुजायचे. कोणीतरी मोहाची दारू चोळायला दिली. एका संध्याकाळी नलूने ती चोळायच्या ऐवजी पिऊन पाहिली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला सलग झोप लागली. मग ते रोजचंच झालं. कामावरून आली की दार लावायची आणि प्यायची. सकाळी बडीशेप चघळत एसटीत चढायची. जिल्ह्यात दारूबंदी असली तरी गावात कोणता गडी कुठे पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई पीत असेल, हे मात्र कोणाच्या मनातही येत नव्हतं.

दिवाळीला अपेक्षा नवऱ्यासोबत आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन आली. नातीला आंघोळ घालताना ती नलूच्या हातून निसटली. हनुवटीला तीन टाके पडले. अपेक्षाने आईच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि तिला सगळं कळलं. जावयासमोर ती काही बोलली नाही. निघताना हळूच म्हणाली, “आई, मी हिले आता इथं नाई आणणार.”

त्यानंतर नलूने सोडायचं ठरवलं. दोनदा सोडलीही, पण चार दिवसांपलीकडे निभलं नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर तिला एक कागद दिसला. दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक दर रविवारी दुपारी सेलूच्या एका शाळेत भरते, असं त्यावर लिहिलं होतं.

रविवारी ती गेली. दारात बसलेल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि तिने तोंड उघडायच्या आत समोरच्या खोलीकडे बोट दाखवलं. पिणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक तिकडे असते, म्हणाला. नलू तिकडे गेली. आत सात-आठ बायका गोल करून बसल्या होत्या. बैठक चालवणाऱ्या प्रमिलाबाईंनी तिला पाणी दिलं आणि नवरा पितो की पोरगा, असं विचारलं.

“नवरा,” नलू म्हणाली.

एकदा म्हटल्यावर मागे फिरता येईना. दुसऱ्या रविवारी तिने सांगितलं, तो रोज संध्याकाळी दार लावून पितो, त्याच्या हातून नात पडली. सगळं खरंच होतं, फक्त माणूस खोटा होता. शेजारी बसणाऱ्या मंदाबाईने तिचा हात हातात घेतला आणि तिच्यासाठी रडली. इतक्या मायेने तिला कोणी बऱ्याच दिवसांत शिवलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन ती नेहमीपेक्षा जास्त प्यायली.

तिसऱ्या रविवारी मंदाबाई नलूचा हात धरून म्हणाली, “त्याले एक डाव इथं घेऊन येजो. मी समजावतो त्याले.”

नलू म्हणाली, “तो जाऊन चार वर्षं झाले, बाई. त्यानं कधी थेंब नाई घेतला. मीच पेतो.”

मंदाबाईने हात काढून घेतला. मंदाबाईच्या पिणाऱ्या पोराने घरी तिचं डोकं फोडलं होतं, म्हणून नलूला तिचा राग आला नाही. पण तो सुटलेला हात तिच्या कायम लक्षात राहिला. प्रमिलाबाई उठल्या आणि तिला व्हरांड्यापलीकडे पिणाऱ्यांच्या खोलीत पोचवून आल्या.

तिथे पंधरा-सोळा पुरुष होते. त्यात तिच्याच गावचा दूधवाला गजेंद्र. त्याने मान खाली घातली, तिनेही. तिची पाळी आली तेव्हा ती उठली आणि दाराकडे वळली. बैठकीतले सगळ्यांत जुने रूपराव म्हणाले, “नाई बोलल्या तरी चालते. बसा.”

बैठक संपल्यावर त्यांनी तिला हिंगणघाटच्या सपनाचा नंबर दिला. त्यांच्या बैठकीत नलूच्या आधी एकही बाई आली नव्हती. सपना दारू सोडू पाहणाऱ्या बायकांना घेऊन बसते, एवढं त्यांनी ऐकलं होतं.

नलूने फोन केला. सपनाने नाव-गाव नंतर विचारलं. आधी म्हणाली, “तुम्ही किती वाजता पेता?”

“सहाले.”

“मंग सहाले मले फोन करत जा.”

नलू रोज सहाला फोन करू लागली. कधी दोघींकडे बोलायला काही नसायचं, मग भाजी काय केली तेवढंच सांगायच्या. पोळ्याच्या सणाला नलूने फोन केला नाही, आणि प्यायली. दुसऱ्या दिवशी फोन करून तेही सांगितलं. सपना म्हणाली, “उद्या पुन्हा करा.”

आता महिन्यातून दोन रविवार ती दोन एसटी बदलून हिंगणघाटला जाते. सपनाच्या स्वयंपाकघरात चौघी बसतात. नातीच्या हनुवटीची गोष्ट तिने पहिल्यांदा तिथेच, स्वतःच्या नावाने सांगितली. कोणी रडलं नाही. एकीने चहा पुढे केला आणि मग स्वतःचं सांगायला सुरुवात केली.

पोळ्यानंतर पाच महिने झाले, तिने थेंब घेतलेला नाही. अपेक्षा फोनवर बोलते, नातीचे फोटो पाठवते. लेकीला घेऊन मात्र अजून आलेली नाही. येशील का, असं नलू विचारत नाही. हिंगणघाटहून परतायला संध्याकाळ होते. ती दार उघडते, दिवा लावते, आपल्यापुरता भात टाकते.