वाळ्याच्या ताटीजवळचा फोटो

ये पोरी, अशी जवळ बस. आता कागदावरूनच बोलते, पण शेजारी आहे असं समज. काय गं, तुझ्या नव्या घरात लावायला पणजोबांचा फोटो फ्रेममधून काढून पाठव म्हणतेस? काही अक्कल? तो निघत नाही. कसा, ते ऐक.

माझ्या सासऱ्यांचा हा एकच फोटो. अमरावतीला कापूस विकायला गेले तेव्हा स्टुडिओत काढलेला. ते वारल्यावर सासूबाईंनी अकोल्याला जुन्या शहरातून काळ्या पट्टीची फ्रेम करून आणली. तेव्हा मी नवीच सून होती. फ्रेमवाल्यानं फोटो थेट काचेला टेकवून मागून पुठ्ठा ठोकला होता. सासूबाईंनी तो लावला कुठं, तर गारव्यासाठी खिडकीत बसवलेल्या वाळ्याच्या ताटीला लागून!

माझे दीर हसले, "आई, फोटोले काय गरमी होते का?"

"तुले काय ठाऊक? उन्हाळा सोसत नव्हता त्याईले."

झालं. उन्हाळाभर मी तांब्यानं ताटीवर पाणी मारायची. काचेवर शिंतोडे उडत, ते पदरानं पुसायची. कडेनं पाणी आत जातं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पावसाळ्यात पाहतो तर फोटो जागोजागी काचेला चिकटलेला.

"काच बदलून आणतो," म्हणत दिरांनी पुठ्ठा काढला अन् कोपरा ओढला. टरकन आवाज आला. हातात पांढरा कागद, अन् खांद्यावरचा काळा कोट काचेलाच!

"काहून ओढून राहिला रे?" सासूबाईंनी फ्रेम हिसकून घेतली. "तुह्या बापानं जन्मात एक फोटो काढला, अन् तू त्याचे सालपटं काढ!"

चेहरा अजून शाबूत होता. त्यांनी तो कागद बोटांनी परत जागच्या जागी दाबला, पुठ्ठा ठोकायला लावला अन् फ्रेम माजघरात कोरड्या भिंतीवर टांगली. समोरून पाहिलं तर काही कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे ताटीपाशी लोळत असू, अन् सासूबाई माजघरात, फोटोखाली, पंखा हलवत, घामानं निथळत. बोलावलं तर म्हणत, "इथंच बरं आहे मले."

तर बाई, त्याला आता कोणी हात लावायचा नाही. तुझा कॅमेरा घे अन् भिंतीवरच त्याचा फोटो काढून ने. ऊन आहे म्हणून टाळू नको, कूलर आहे आता. लवकर ये.