तुम्ही म्हणाल तसं

नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात विनय गावंडे नावाचा फार्मासिस्ट आहे. वॉर्डातल्या डॉक्टरांनी लिहिलेली औषधं तपासायची आणि कुठे डोस चुकला असेल तर फोन करून तसं सांगायचं, हे त्याचं काम. समोरचा डॉक्टर तीस वर्षं मुरलेला असो की चष्म्यावरून बघणारा असो, विनय थंडपणे सांगतो, "सॉरी, हे मी देऊ देणार नाही. पेशंटच्या किडन्यांचे रिपोर्ट बघा." एकदा एका सर्जननं चिडून विचारलं, "मला सांगणारा तू कोण?" विनय म्हणाला, "ज्याच्या सहीशिवाय गोळी वर येत नाही, तो." आणि सँडविच खायला गेला.

हाच विनय मराठी माणसासमोर, त्यातून तो वयानं मोठा असला, की निराळा होतो. खांदे जरा आत, मान जरा खाली आणि तोंडात एकच वाक्य, "तुम्ही म्हणाल तसं." जेवायला काय करू? तुम्ही म्हणाल तसं. कुठल्या गाडीनं जायचं? तुम्ही म्हणाल तसं. त्याची बायको कस्तुरी म्हणते, "याचा नकार इंग्लिश मीडियमचा आहे. मराठीत तो अजून पहिलीत बसलाय."

विनय मूर्तिजापूरचा. बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडे लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारी लादी, एवढीच लहानपणची ओळख. तो माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर स्कॉटलंडच्या डोंगरात बर्फावर घसरायला लागला, याचं श्रेय एकट्या अनुप देशकरांचं.

अनुपदादा लंडनजवळ वॉटफर्डला राहायचे. मूळचे नागपूरचे, सॉफ्टवेअरमधले, विनयपेक्षा अकरा वर्षांनी मोठे. नवीन आलेला मराठी माणूस दिसला की त्याला पंखाखाली घ्यायचा, हा त्यांचा छंद. विनयला पहिली खोली त्यांनी बघून दिली, कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा, फॉर्म त्यांनी भरला, डॉक्टरकडे नाव त्यांनी घातलं. फार्मसीच्या लायसन्सच्या परीक्षेत विनय पहिल्यांदा नापास झाला तेव्हा त्याला घरी नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि म्हणाले, "राजा, इथे नापास होणं मेडिकलमध्ये चालतं, पार्किंगमध्ये नाही." अशा माणसानं एके दिवशी "चल, डोंगरावर जाऊ," म्हटलं, तर विनय काय म्हणणार?

स्प्लिटबोर्ड म्हणजे बर्फावरून घसरायची, उभी चिरलेली फळी. चढताना तिचे दोन तुकडे पायांत स्कीसारखे अडकवायचे, खाली केसाळ पट्टी चिकटवायची म्हणजे मागे घसरत नाही. माथ्यावर पोचलं की पट्टी काढायची, दोन्ही तुकडे जोडून एक फळी करायची आणि उतरायचं. चढायला तीन तास, उतरायला सात मिनिटं. विनयला हा हिशेब कधी पटला नाही, पण दादांना पटला होता. शुक्रवारी नऊ-नऊ तास गाडी हाणत ते केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत जायचे. मीनाक्षीवहिनींनी दिलेल्या दशम्या वर पोचेपर्यंत कौलासारख्या व्हायच्या. दादा त्या काखेत धरून मऊ करायचे आणि विनयला द्यायचे. तोही खायचा.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीतला तो शनिवार. आदल्या संध्याकाळी हिमस्खलनाचा अंदाज आला होता. धोका पाचातला तीन. ईशान्येकडच्या उतारांवर वाऱ्यानं बर्फ आणून रचलाय, खालच्या थराशी तो नीट जुळलेला नाही, असं त्यात लिहिलं होतं. दोघांनीही वाचलं. "तीन म्हणजे जेमतेम फर्स्ट क्लास," दादा म्हणाले.

चढताना दादा पंधरा-वीस पावलं पुढे होते. वारा कानात शिरत होता. आणि विनयच्या पायाखाली धप्प झालं. रिकाम्या खोलीत गादी पडावी तसा आवाज. बर्फ बोटभर खाली बसला आणि त्याच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग सरळ पुढे पळत गेली, क्रिकेटच्या पिचएवढी. ही डोंगराची सगळ्यात स्पष्ट भाषा. कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असते. वरचा थर सुटलाय, मागे फिर.

विनयनं ती भेग बघितली. दादांच्या पाठीकडे बघितलं. दादांना ऐकू गेलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला वाटलं, आपण दोन वर्षांचे शिकाऊ, हे सात वर्षं येतायत. यांना आपण शिकवायचं? नऊ तास गाडी त्यांनी चालवली. रात्रीचं भाडं त्यांनी भरलं. तोंड मिटलं.

माथ्यावर दादांनी फळी जोडली, गॉगल सारखा केला आणि विचारलं, "काय राजा, ठीक वाटतंय ना?"

मुद्दाम विचारलं. हे विनय कधी विसरला नाही. त्यांनी विचारलं होतं.

"हो दादा. तुम्ही म्हणाल तसं."

दादा तिसऱ्या वळणावर होते तेव्हा उताराला तडा गेला आणि अख्खा उतार एकदम निघाला. आवाज फारसा झालाच नाही. खाली सगळं थांबलं तेव्हा पांढऱ्या ढेकळांशिवाय काही दिसत नव्हतं.

दोघांच्या अंगावर ती यंत्रं होती, बर्फाखालूनही हाक देत राहणारी. विनयनं हाक पकडली, सळई खुपसून जागा शोधली, फावड्यानं खणलं. एकटा माणूस, छातीएवढं खोल, आणि थांबलेला बर्फ ओल्या सिमेंटसारखा घट्ट. दादांच्या चेहऱ्यापर्यंत पोचला तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. पुढे दीड तास, बचाव पथक येईपर्यंत, तो त्यांची छाती दाबत राहिला.

वॉटफर्डच्या घरात मीनाक्षीवहिनींनी एकच विचारलं, "विनय, कुणाला काहीच कळलं नाही का रे?" घर माणसांनी भरलेलं होतं. दादांची तेरा वर्षांची मुलगी स्वराली जिन्यात बसली होती. विनय म्हणाला, "नाही वहिनी. कुणालाच कळलं नसतं."

तेव्हापासून त्या घरात हे वाक्य सात वर्षं राहतंय. वहिनी आल्यागेल्याला तेच सांगतात. स्वराली कॉलेजच्या निबंधात तेच लिहून आली. विनय त्या घरचा धाकटा दीर झाला. दिवाळीला त्याची वाट बघितली जाते, बॉयलर बिघडला तर त्याला फोन जातो. तो प्रत्येक वेळी येतो आणि बाहेर पडल्यावर गाडीत दहा मिनिटं नुसता बसून राहतो. कस्तुरीला त्यानं लग्नानंतर सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझा नवरा थोडाच गेलाय."

गेल्या वर्षी स्वराली नॉटिंगहॅमला शिकायला आली. रविवारी जेवायला विनयकडे. या जानेवारीत ती ताटावरून उठता उठता तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाली, "काका, मी सेकंडहँड स्प्लिटबोर्ड घेतली. मला शिकवणार ना? तुम्ही नाही शिकवला तर मी युनिव्हर्सिटीच्या क्लबबरोबर जाणार. ते लोक एकदम वेडा आहेत."

"आईला विचारलंस?"

"आई म्हणते, विनय असेल तर जा."

कस्तुरीनं आमटीची वाटी जरा जोरात ठेवली.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दोघं गेले. विनयनं मुद्दाम सोपी, सुरक्षित बाजू निवडली, कडा नसलेली. स्वराली पुढे, तो मागे. "काका, तुम्ही किती हळू चालतो! बाबा पण असाच हळू होता का?"

"तुझे बाबा रेल्वे होते. मी तिच्यामागचा फाटकवाला."

दुपारी एका छोट्याशा चढापाशी, जिथे काही कोसळलं असतं तरी घोट्याएवढंच कोसळलं असतं, त्यानं तिला खड्डा खणायला लावला. कमरेएवढा. भिंत फावड्यानं साफ करून थर दाखवले. वरचा वाऱ्यानं दाबलेला, खालचा साखरेसारखा भुरभुरीत. मग एक ठोकळा मोकळा कापून त्यावर फावडं ठेवलं आणि वरून हातानं थोपटायला सांगितलं. चौथ्या थापेला वरचा थर वहीचं पान सरकावं तसा सरळ तिच्या मांडीवर आला.

स्वरालीनं तो हातात घेतला. उलटा करून बघितला.

"त्या दिवशी तुम्ही असा खड्डा खणला होता?"

"नाही."

"का?"

"दादांना घाई होती. आणि मीही खणू म्हटलं नाही."

"पण साइन नव्हता ना काही? आवाज, क्रॅक, जे तुम्ही आत्ता सांगितला ते. काहीच नव्हता ना?" ती त्याच्याकडे बघत नव्हती. बर्फाच्या त्या पाटीकडेच बघत होती. "मग मला कसा कळणार, काका? बाबाला कळला नाही, तुम्हाला कळला नाही. मग हे सगळं शिकून काय? इट्स जस्ट लक."

विनयला दिसलं की पोरगी हे असंच शिकून जाणार. भेग पळाली तरी म्हणणार, नशीब. क्लबातल्या कुण्या मोठ्या मुलानं "चल" म्हटलं की जाणार. बाप कसा गेला याचं एक खोटं कारण तिच्या हाडात बसलंय आणि ते त्यानं बसवलंय. आज तो बोलला तर ते घर जाणार. नाही बोलला तर कधीतरी हीच जाणार.

"होता," तो म्हणाला. "आवाज झाला होता. माझ्या पायाखाली. भेगही गेली. मी बघितली."

वारा पडला होता, त्यामुळे नीट ऐकू गेलं.

"आणि बाबा?"

"त्यांना नाही कळलं. वर पोचल्यावर त्यांनी मला विचारलंसुद्धा. मी म्हटलं, ठीक आहे."

"व्हाय?"

सात वर्षं विनयनं या प्रश्नाची उत्तरं पाठ केली होती, चांगली लांबलचक. "भीड वाटली," तो म्हणाला. तिला तो शब्द माहीत नव्हता. "ते मोठे होते. त्यांना नको म्हणायला मला लाज वाटली."

स्वरालीनं हातातला बर्फ खाली टाकला आणि फळीचे पट्टे बांधायला लागली. विनय मदतीला वाकला तेव्हा तिनं पाय मागे घेतले. खाली गाडीपर्यंत ती पुढेच राहिली. गाडीत बसल्यावर, पट्टा लावून झाल्यावर ती म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

रविवारी दुपारी तो वॉटफर्डला गेला. मीनाक्षीवहिनी शाळेत साहाय्यक आहेत. टेबलावर पोरांच्या चित्रांना खळ लावत बसल्या होत्या. "ये रे, बस. चेहरा असा का? स्वराली पडली का कुठे?"

"नाही वहिनी. ती चांगली चालते."

मग त्यानं सांगितलं. उभ्यानंच. आवाज, भेग, माथ्यावरचा प्रश्न, त्याचं उत्तर. काही वगळलं नाही, काही सजवलंही नाही. वॉर्डातल्या फोनवर सांगतो तसं सांगितलं.

वहिनींनी खळीचा ब्रश पाण्यात घातला. धुतला. पुसला.

"तू म्हणाला असतास तर थांबले असते ते?"

"माहीत नाही, वहिनी. मोठे होते, त्यांनी..."

"थांबले असते." त्यांचा आवाज चढला नाही. "ब्लडप्रेशरची गोळी डॉक्टरनं बदलली तर आधी तुला फोन करायचे. विनय हो म्हणतोय का बघू, म्हणायचे. आणि तू म्हणतोस मोठे होते."

हे विनयला ठाऊक नव्हतं, असं नाही. फोन तोच घ्यायचा. पण हे दोन धागे त्यानं कधी एकत्र धरले नव्हते. तो खुर्चीवर बसला. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"किती वेळ होते आत?"

सात वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. "अठरा मिनिटं."

त्या मान हलवत राहिल्या, आकडा जणू परत परत मोजत. मग उठल्या, खिडकीशी गेल्या. बाहेर शेजारचा म्हातारा कचऱ्याचे डबे ओढत होता. तो आत जाईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"चहा मी आज विचारणार नाही, विनय."

"हो, वहिनी."

"आणि दिवाळीला येऊ नकोस. यावर्षी तरी. पुढचं मला माहीत नाही."

तो उठला. दारापर्यंत त्या आल्या, सवयीनं असेल. त्यानं बूट घातले, लेस बांधायला जरा वेळ लागला.

"स्वराली परत जाणार म्हणते डोंगरावर," वहिनी म्हणाल्या. "काल फोनवर रडली, पण जाणार म्हणते. कारण सांगितलं नाही तिनं. आता कळलं." मग म्हणाल्या, "तू जा तिच्याबरोबर."

विनयनं वर बघितलं.

"मला तू नको आहेस या घरात. पण भेग कशी दिसते ते तुला माहितीये. क्लबातल्या पोरांना नाही." त्यांनी दाराची कडी धरली होती. "ती ऐकत नाही कुणाचं. बापावर गेलीय. ओरडावं लागेल."

"ओरडेन," विनय म्हणाला.

वहिनींनी दार लावलं. आपटलं नाही. त्यांचा तो स्वभावच नाही.