हुकूम करता करता

हुकूम करण्यात मोठं सुख असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी केला नसावा. मी सात-आठ वर्षं केला, तोही घरच्या धन्यावर, आणि माझ्या नाकी नऊ आले.

गोष्ट सन तीसच्या आगेमागेची, रेवदंड्याची. आमची नारळ-सुपारीची वाडी होती आणि आमचे हे गावचे पंच. बांधाचं भांडण, भावकीची वाटणी, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं आमच्या ओटीवर यायचं. हे बोलले की विषय संपला. घरात मात्र तोंडाला कुलूप. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि हा माणूस माझ्याशी 'वाढ' आणि 'पुरे' यापलीकडे बोलेल तर शपथ.

मी तिशी ओलांडली होती, ते चाळिशीला टेकले होते. एका दुपारी हात धुता धुता म्हणाले, "दिवसभर लोकांचं ठरवून ठरवून जीव विटतो. घरात माझं तू ठरवशील?"

मला वाटलं, भाजीचं विचारतायत. म्हटलं, "मग आजवर कोण ठरवत होतं?"

"तसं नव्हे. मी कुठं बसायचं, कधी बोलायचं, सगळं. तू सांगायचं, मी ऐकायचं. आतल्या खोलीत. मनापासून मागतोय."

बाई गं! आधी मी हसले, मग घाबरले, म्हटलं बाधाबिधा झाली की काय ह्यांना. चार दिवस त्यांचा चेहरा बघत होते. इतका ओशाळलेला, इतका आशेनं बघणारा चेहरा त्यांना आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पाचव्या दिवशी मीच विषय काढला. "ठीक आहे. पण बाजाराच्या दिवशीच, गडी-माणसं बाजाराला गेली की. यातलं अक्षर उंबऱ्याबाहेर जायचं नाही. आणि नको झालं तर तसं सांगायचं, उगाच मर्दुमकी गाजवायची नाही."

सांगायचं कसं, तर 'नको' आणि 'पुरे' ओघात कधीही तोंडात येतात. म्हणून त्यांनीच वाडीतली हाक निवडली, "रहाट सोडा." विहिरीवरचा बैल मोकळा करताना गडी द्यायचे ती. ती ऐकली की मी जागच्या जागी थांबायचं, असं ठरलं.

मग मी बाजेवर आणि ते खाली पाटावर. त्या खोलीत मी त्यांना 'अरे' म्हणायची, ते मला 'अहो'. पहिल्यांदा माझी जीभच वळेना. मी सांगेन तेव्हा मान वर करायची, मी वाढीन ते खायचं, मी म्हणेन तोवर गप्प बसायचं. आणि 'बोल' म्हटलं की बोलायचं. हे 'बोल' म्हटलं ना, की बांध फुटायचा. चुकलेले निवाडे, आईची आठवण, लहानपणची भीती. दहा वर्षांचं साठलेलं सगळं त्या खोलीत निघालं. त्या बोलण्यासाठी मी हे चालवलं. मला आवडायचंही, खोटं कशाला सांगू? बाकीचं नवराबायकोचं, ते सांगत नाही.

पण बोट दिलं की मनगट, तसं झालं. बाजाराच्या दिवसाचं आठवडाभर पसरलं. धोतर कुठलं नेसू, दाढी आज करू की उद्या, गाडीनं जाऊ की चालत, सगळं माझ्यावर. बरं, नुसतं सांगून भागत नाही. बसवलं तर पाय भरून येतील का, बोललं तर लागेल का, सगळं आपणच बघायचं. ऐकणाऱ्याचं डोकं रिकामं, सांगणाऱ्याचं फुटायची वेळ. दमले म्हणायची मला सोय नव्हती. म्हटलं असतं आणि त्यांच्या तोंडाला पुन्हा कुलूप लागलं असतं तर? त्या भीतीनं मी ओढत राहिले.

मग तो दिवस आला. बाजाराचाच. त्यांना पाटावर मांडी घालून बसवलं, म्हटलं, "मी येईपर्यंत हलायचं नाही," आणि परसात कोकमाची सोलं वाळत टाकली होती ती उलटायला गेले. तेवढ्यात खाडीपलीकडच्या साळावहून माणूस आला. माझी बहीण विहिरीच्या पायरीवरून घसरली, पाय मोडला, आणि खाडीतली होडी सुटतेय, आत्ताच चला. मी तशीच नेसत्या लुगड्यानिशी धावले.

बहिणीचा पाय बांधून होईतो ओहोटी लागली. येताना होडी चिखलात रुतली. तिथं बसल्या बसल्या मला पाटावर बसवलेले हे आठवले. मग स्वतःची समजूत घातली, उठले असतील, शहाणासुरता माणूस आहे.

घरी पोचले तर दिवेलागण. ओटीवर दोघे शेतकरी ताटकळलेले. "पंच न्हाय का घरात? दुपारपासून हाका मारतोय, ओ न्हाय." त्यांना कसंबसं वाटेला लावलं आणि आत गेले.

हे पाटावरच. घामानं निथळलेले, ओठ सुकलेले.

"रहाट सोडा म्हणालो," ते म्हणाले. "दोनदा. ऐकायला कुणी नव्हतं."

"अरे मग उठायचं!"

"तुम्ही आला नव्हतात."

माझं टाळकंच सरकलं. "अक्कल गहाण टाकलीस का? घराला आग लागली असती तर? तरी बसला असतास?"

तर मेल्यानं विचार केला! विचार करून म्हणाले, "माहीत नाही."

त्यांच्या पायांत जीव नव्हता. ओढत बाजेवर घेतलं, खोबरेल कोमट करून चोळत बसले, आणि चोळता चोळता मला रडू फुटलं. म्हटलं, "मला आता झेपत नाही. तुम्ही सगळा भार खाली ठेवता, पण तो उचलतं कोण? ती हाक तुमची. माझ्यासाठी आपण काही ठेवलंच नाही."

"तुम्हीही दिली असती तर मी थांबलो असतो."

"हे आज सांगताय? आणि थांबवलं असतं तर तुम्ही पुन्हा मुके झाला असता, त्याचं काय?"

त्यांनी माझ्या हातातली तेलाची वाटी काढून बाजूला ठेवली. मग त्या खोलीत पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले. "बाजाराचा दिवस तेवढा ठेवू, तुला हवा असेल तर. बाकी मी माझं बघतो. आणि न सांगता बोलायचा प्रयत्न करतो."

"बघू," मी म्हटलं. विश्वास नव्हता.

आठवडाभर लंगडत होते. गावाला सांगितलं, विहिरीवर घसरलो. एका दुपारी जेवणं झाल्यावर मी माजघरात गार जमिनीवर लवंडले होते. हे येऊन शेजारी बसले. मी काही म्हटलं नव्हतं, दिवस बाजाराचा नव्हता. म्हणाले, "दादाचं तुला कधी सांगितलं नाही मी." दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तरणाताठा गेला. कसा गेला ते त्या घरात कुणी बोलत नसे. ते सांगू लागले, "त्या दिवशी आम्ही दोघं बंदरावर गेलो होतो..." मला इतकं बरं वाटलं! वाटलं, जिंकलं बाई. अंग सैल पडलं, आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा ते डोळे पुसत होते. चेहरा निवळलेला. म्हणाले, "मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घेतलंस. फार बरं झालं." मी म्हटलं, "हं."

विचारणार कुठल्या तोंडानं? त्यानंतर ते पुष्कळ बोलले, वर्षानुवर्षं बोलले. अधूनमधून म्हणायचे, "दादाचं तर तुला ठाऊकच आहे," आणि मी मान हलवायची. बंदरावर काय झालं, त्यात ह्यांचा काही दोष होता का, मला आजतागायत माहीत नाही.

शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, "मनात एकच गोष्ट होती. ती तुला सांगून टाकली, आता काही राहिलं नाही."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हो. सांगितलीत."