इंजिन बदलेपर्यंत

थांबलेल्या गाडीत मला बसवत नाही. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलोय असं घरचे म्हणतात, आणि ते खोटं नाही.

नाशिकरोड ते कल्याण मी अकरा वर्षं अप-डाऊन केलं. त्या काळात सगळ्यात जास्त शिव्या मी इगतपुरी स्टेशनला घातल्या. तेव्हा मुंबईकडच्या तारांतली वीज वेगळी, नाशिककडची वेगळी. म्हणून इगतपुरीला प्रत्येक गाडीचं इंजिन काढून दुसरं लावायचे. तोवर घाटाच्या तोंडाशी डोंगर बघत ताटकळायचं. आम्ही पासवाले खाली उतरून चहा घ्यायचो, अगदी निर्धास्त. कारण नवं इंजिन डब्यांना लागलं की सबंध गाडीला एक धक्का बसायचा. धक्का बसला की कप टाकायचा आणि चढायचं. लेटमार्क लागला की संध्याकाळी घरी मी आईसमोर त्या धक्क्याची नक्कल करायचो, खुर्चीसकट. ती पोट धरून हसायची.

पुढे माझी नाशिकला बदली झाली. तारांतली वीजही सगळीकडे एकच झाली आणि इंजिन बदलणं बंद पडलं. हे मी पेपरात वाचलं होतं, जुन्या पासवाल्यांकडून ऐकलंही होतं. माहीत असून माती खाल्ली.

गेल्या वर्षी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेत होतो. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात उजेड आणि सावल्या एवढंच उरलेलं. दुपारी एकला दाखल व्हायचं होतं. उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

इगतपुरीला गाडी थांबली आणि माझे पाय वळवळायला लागले.

"चहा घेऊन येतो गं. इंजिन लागेपर्यंत वेळ आहे."

"जा बाबा," आई म्हणाली. "नाहीतर इथं बसून माझं डोकं खाशील."

स्टॉलपाशी गाडीकडे पाठ करून मी चहा पीत होतो. चहा अजून तसाच पाणचट. मी धक्क्याची वाट बघत होतो. वळलो तेव्हा शेवटचा डबा समोरून सरकत होता.

पळालो. फलाट संपला, गाडी गेली. आईचा फोन माझ्याच खिशात होता.

"कोन राहिलं गाडीत?" स्टेशनवरच्या एका कर्मचाऱ्यानं विचारलं.

"आई. तिला दिसत नाही."

"अन् तुम्ही चहाला उतरले?"

"इंजिन बदलतील म्हणून…"

"सायेब, ते बंद होऊन लय वर्सं झाली." पण बोलता बोलता त्यानं डबा आणि सीट नंबर विचारून कल्याणला फोन लावला.

मागून आलेल्या गाडीत चढलो. ती घाटात सिग्नलला उभी राहिली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, उतरून जाणार कुठे? कुणीतरी आईला भलत्याच स्टेशनवर उतरवलं असेल तर? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

कल्याणला बाकावर एका महिला पोलिसाशेजारी आई ताठ बसली होती, मांडीवर फाइल.

"आजी उतरायलाच तयार नव्हत्या," ती पोलीस म्हणाली. "मुलाची जागा जाईल म्हणाल्या."

मी हाक मारली तशी आईनं आवाज ओळखून मान वळवली. "गाडी हलली तेव्हा वाटलं, इंजिन लावायला मागंपुढं करतायत. आता धक्का बसेल, मग तू येशील. बोगदे लागले तेव्हा कळलं. पण तुझ्या जागेवर हात ठेवला होता मी. एकालाही बसू दिलं नाही."

मला रडू आवरेना. भर फलाटावर, या वयात.

एकची वेळ टळली होती. ऑपरेशनची दुसरी तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. रोज सकाळी तिला विचारायचो, उजेड दिसतोय ना?

पुन्हा निघालो. इगतपुरीला गाडी थांबली. आईनं चाचपडत माझं मनगट शोधलं, त्यावर हात ठेवला आणि गाडी हलेपर्यंत काढला नाही.