खोकल्यापुढचं शून्य

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हा या पोरीला आता काम कोण देणार, हे आमच्या नवापुरात कुणालाच कळेना. काम दिलं जवळच्याच बोईसरच्या एका डॉक्टरबाईंनी. रंगाच्या कारखान्यातल्या पावडरीनं कामगारांच्या छातीवर काय परिणाम होतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. चपला बाहेर काढून आत जायचं, त्याच्यावरचं कापड घडी करून ठेवायचं आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करायची. एक अक्षर चुकलं तरी तो अडून बसायचा. तोही माझ्यासारखाच तापट, म्हणून आमचं जमलं.

कामगारांच्या मुलाखती कारखान्याच्या गेटवरच झाल्या होत्या. प्रत्येकाला नळीत जोरात फुंकायला लावून श्वासाचा आकडा घेतला होता आणि सकाळी खोकला येतो का, ते विचारलं होतं. येत असेल तर एक, नसेल तर शून्य. नाव मुद्दामच लिहिलं नव्हतं, नुसतं गाव, वय, खातं आणि नोकरीची वर्षं.

सगळं भरून झाल्यावर मी पावडर खात्यातल्या माणसांची पॅकिंगवाल्यांशी तुलना करायची आज्ञा दिली. उत्तर आलं, खोकल्यात फरक नाही. डॉक्टरबाईंचा चेहराच उतरला. धूळ ओढून घेणारे पंखे बसवा म्हणून त्या मालकांच्या मागे लागल्या होत्या. हा अहवाल हातात पडल्यावर पंखे कोण बसवणार? श्वासाचे आकडे कमी होते खरे, पण मालक विडीकडे बोट दाखवून मोकळे झाले असते.

मला ते काही पटेना. ज्यांचा श्वास फारच कमी आहे आणि तरी खोकला नाही म्हणतात, अशांच्या ओळी दाखव, असं मी टाइप केलं. पडदाभर ओळी आल्या. त्यातल्या एकीवर नजर अडकली. नवापूर, पावडर खातं. आमच्या गावातून त्या खात्यात एकच माणूस जात होता. वय जुळत होतं, वर्षंही जुळत होती. ते माझे वडील होते.

रोज पहाटे ज्यांच्या खोकल्यानं घर जागं व्हायचं, त्यांच्यापुढे शून्य! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शून्याचा एक करायला फार काही लागत नव्हतं. बोट बटणावर गेलंही. मग वाटलं, आपणच आकडे शिजवायला लागलो, तर मालकांना कुठल्या तोंडानं बोलायचं? कॉम्प्युटर बंद करून मी घर गाठलं.

वडील जेवायला बसले होते. त्यांना दोन घासही सुखानं खाऊ न देता मी सुरू झाले. खोटं का सांगितलंत, म्हणून नको ते बोलले. आई मला गप्प करत होती. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मुलाखतीच्या वेळी सुपरवायझर शेजारीच उभा होता, असं ते म्हणाले. खोकल्याची तक्रार केलेल्या एकाला पूर्वी गेटातून आत घेतलं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसली गत होती.

मग त्यांनी विचारलं, "पन तो मीच हाय, हे तुला कसं समजलं?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. गाव, वय, खातं, वर्षं.

त्यांचा हात ताटातच थांबला. "मंग कागद बघून सुपरवायझरला पन समजल," ते म्हणाले. "नाव लिवनार नाय, एवढंच बोलल्या होत्या बाई."

इतका वेळ मी त्यांना भित्रे समजत होते. सुपरवायझर शेजारी नसता आणि त्यांनी खरं सांगितलं असतं, तरी आमच्या कागदांनीच त्यांची नोकरी घालवली असती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. पहिले आकडे बदलायचे नाहीत, यावर त्या ठाम होत्या. पण मुलाखती पुन्हा घ्यायच्या, त्याही ज्याच्या त्याच्या घरी, आणि पहिली फेरी का फसली तेही अहवालात लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. या वेळी गाव विचारायचंच नाही. वयाचे आणि नोकरीच्या वर्षांचे मोठे मोठे गट करायचे.

आमच्या घरी बाई आल्या, तेव्हा मी दाराशी उभी होते. त्यांनी वडिलांना समजावून सांगितलं की आता तुम्ही कोण, हे कागदावरून कुणालाच ओळखता येणार नाही. मग प्रश्न विचारला. वडील माझ्याकडे बघत राहिले.

"पोरीला भाईर जाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "मंग सांगतो."

मी मासळी वाळत घातली होती तिथे जाऊन उभी राहिले. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मला रागही आला आणि फार वाईटही वाटलं.

सगळी घरं झाल्यावर बाईंनी कागद पत्त्यांसारखे पिसून माझ्या हाती दिले. मी ते भरले आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. या वेळी फरक आला, आणि चांगला ठसठशीत आला. बाई प्रिंटरपाशी जाऊन कागद निघायची वाट बघू लागल्या. मी मात्र पडद्यावर वडिलांना शोधत होते. पावडर खात्यात त्यांच्या गटातली बरीच माणसं होती. बहुतेकांपुढे एक होता, काहींपुढे अजूनही शून्य. मी ओळी वरखाली करून पाहिल्या, पुन्हा पुन्हा पाहिल्या, आणि माझे डोळे भरून आले. मला ते सापडले नाहीत, म्हणजे सुपरवायझरलाही सापडणार नव्हते.